दगडांची वर्तुळे, तांब्याचे पत्रे आणि शून्य

प्राचीन भारतातील कला, विज्ञान आणि वारसा या विषयावर आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आली, म्हणून या वेळी त्यांनाच जागा दिली आहे. बहुतेकांनी एकाच सुरात विचारले आहे की अमुक गोष्ट आपल्याकडे होती असे ऐकतो, ते कितपत खरे मानावे. त्यामुळे प्रत्येक उत्तरात कोणती वस्तू हाती आहे आणि तिच्यावरून किती सांगता येते, एवढ्याकडे लक्ष दिले आहे.

प्रश्न : काटोल रस्त्याने जाताना जुनापाणी येथे मोठमोठे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ ती प्राचीन वेधशाळा असल्याचे ठामपणे सांगतात. हे खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षक, गिट्टीखदान, नागपूर)

उत्तर : आपण पाहिलेली वर्तुळे मुळात दफने आहेत. त्यांचा काळ लोहयुगाचा, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १००० ते ३०० असा मानला जातो, आणि त्या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. अभ्यासक त्यांना शिलावर्तुळे म्हणतात, तर ती उभारणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला महापाषाणीय संस्कृती हे नाव रूढ आहे. जुनापाणी येथे पहिले उत्खनन १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने केले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे डॉ. शां. भा. देव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर काम केले, आणि विदर्भाच्या लोहयुगाविषयी आज जे माहीत आहे त्याचा मोठा भाग त्या कामावर उभा आहे.

वर्तुळाच्या कडेला काळ्या पाषाणाचे धोंडे असतात आणि आत माती व दगडगोट्यांची भर असते. त्या भरीखाली माणसाची हाडे, मातीची भांडी, लोखंडाची हत्यारे आणि कधी कधी मणी मिळतात. भांड्यांपैकी काही आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी असतात. दोन रंग देऊन ती तशी केलेली नाहीत. कुंभाराच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, भांडे पालथे घातले की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, तिथे काळा रंग धरतो आणि उघडी राहिलेली बाजू तांबडी भाजते. लोखंडी कुऱ्हाडीही बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पाते लाकडी दांड्यापासून निसटू नये म्हणून त्यावर लोखंडी पट्टीचा वेढा घातलेला असतो, आणि हा वेढा विदर्भातील कुऱ्हाडींची खास ओळख मानला जातो. माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला व त्या घोड्याच्या डोक्यावर घालायचा तांब्याच्या पत्र्याचा अलंकारही मिळाला. ज्या समाजात मेलेल्या माणसाबरोबर घोडा आणि त्याचा साज पुरला जातो, तिथे घोड्याला केवढा मान असेल हे वेगळे सांगायला नको.

आता वेधशाळेविषयी. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत आणि ते रिव्हेट-कार्नॅकच्याही नजरेतून सुटले नव्हते. अलीकडे काही खगोल-अभ्यासकांनी या खळग्यांच्या दिशा मोजल्या आणि त्या वाटेल तशा नसून ठराविक दिशांना येतात असे मांडले. हे निरीक्षण मोलाचे आहे, कारण पाऊस कधी येणार हे जाणून घेण्याची गरज असलेल्या शेतकरी आणि गुराखी समाजाने सूर्योदयाची जागा लक्षात ठेवली असेल तर त्यात नवल नाही. पण दफनाच्या दगडावर दिशेची खूण असणे निराळे आणि आकाशाचे वेध घेण्यासाठीच ती जागा उभारलेली असणे निराळे. आपल्या स्नेह्यांना पहिली गोष्ट शक्य आहे असे अवश्य सांगावे. दुसरीला आधार नाही. आपल्या भागाचे नावच गिट्टीखदान असल्याने जाता जाता एक सांगावेसे वाटते. या धोंड्यांना सर्वांत मोठा धोका गिट्टी आणि बांधकामासाठी दगड काढणाऱ्यांचाच आहे.

प्रश्न : पारशिवनीकडे आमचे वावर आहे. नांगरताना काळे, जड, भोकाभोकांचे दगडासारखे तुकडे निघतात. आजोबा त्याला लोहाराचा कीट म्हणायचे. त्याचा प्राचीन काळाशी काही संबंध असेल का? आणि एखादी जुनी वस्तू सापडली तर काय करावे? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : आजोबांचा शब्द अचूक आहे. लोखंड गाळताना दगडातील जो भाग वितळून वाहतो आणि थंड झाल्यावर काळा, सच्छिद्र होतो त्यालाच कीट म्हणतात. आपल्या वावरातला कीट शंभर वर्षांपूर्वीचा आहे की अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हे तुकडा पाहून कळत नाही. तो मातीच्या कोणत्या थरात आणि कशाबरोबर मिळाला यावरून ते ठरते. तरीही आपल्या तालुक्याचा या विषयाशी फार जुना संबंध आहे. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणीय वस्तीजवळ लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिच्यासाठी मातीच्या वक्र विटा वापरल्या होत्या, आणि भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या व कीटही तिथे मिळाला. वर्तुळांतल्या कुऱ्हाडी कुठून तरी आयात केलेल्या नसून इथेच धातू तयार होत होता, हे त्या एका भट्टीने दाखवून दिले.

या भट्टीत लोखंड वितळत नसे, हे अनेकांना ठाऊक नसते. शुद्ध लोखंड वितळायला सुमारे १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि कोळसा व हातभात्यावर चालणारी छोटी भट्टी तिथवर पोचत नाही. त्याहून बऱ्याच कमी तापमानाला कोळशाच्या वायूने खनिजातील ऑक्सिजन निघून जातो, कीट वितळून खाली उतरतो आणि लोखंडाचा स्पंजासारखा गोळा मागे राहतो. तो लालबुंद असतानाच ठोकून ठोकून त्यातला उरलेला कीट बाहेर काढावा लागतो. म्हणजे अर्धे काम भट्टीचे असे आणि अर्धे घणाचे. दिल्लीचा सुमारे सात मीटर उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा लोहस्तंभदेखील ओतीव नाही. तापलेले गोळे एकमेकांवर ठोकून, जोडून तो घडवला आहे. त्या काळी भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे खनिजातील फॉस्फरस लोखंडातच राहिला, आणि त्या फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर जो पातळ, घट्ट थर धरला त्याने पुढचा गंज रोखला. आजचा पोलाद कारखाना जो फॉस्फरस दोष म्हणून काढून टाकतो, त्यानेच तो स्तंभ सोळाशे वर्षे टिकवला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वस्तू सापडली तर पुढे खणू नये, ती घासूनपुसून चकचकीत करू नये, आणि जागेची खूण ठेवून तहसील कार्यालयाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला कळवावे. १८७८ चा निखात निधी कायदा अजूनही लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ती मर्यादा वाचून हसू येईल, पण कायदा तसा आहे.

प्रश्न : रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे, त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही आहे. पण कालिदास खरोखर रामटेकला आला होता याचा पुरावा काय? छत्तीसगडमधील लोकही मेघदूतातला रामगिरी आपल्याकडेच असल्याचे सांगतात. (संस्कृतची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचे पुरावे सारख्या तोलाचे नाहीत, म्हणून ते वेगळे घेतो.

पहिला प्रश्न असा की रामटेक म्हणजे रामगिरी का. यासाठी आपल्याकडे तांब्याचे पत्रे आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस इथे वाकाटकांचे राज्य होते आणि राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, येथे होती. राजा दुसरा रुद्रसेन अकाली गेल्यावर त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने लहान मुलांच्या नावाने कारभार हाती घेतला. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी, आणि वर ज्याचा उल्लेख आला त्या लोहस्तंभावरील चंद्र राजा हाच असावा असे बहुतेक विद्वान मानतात. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला. महानुभावांमुळे हे गाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणानेही परिचित आहे. तो ताम्रपट ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, म्हणजे रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिल्याचे त्यातच लिहिले आहे. राजधानी नगरधनला आहे, तिच्या अगदी जवळ रामाच्या नावाचा डोंगर आहे आणि राणी त्या डोंगरावरील देवाच्या पायाशी बसून दान देते, एवढा मेळ बसल्यावर रामगिरी म्हणजे रामटेक हे मानायला फारशी अडचण राहत नाही. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे संपादन करताना हा मुद्दा सविस्तर मांडला होता.

याच राणीचा दुसरा ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. एखाद्या भांड्यासाठी तो वितळवला गेला असता तर गुप्त आणि वाकाटक यांच्या सोयरिकीचा सर्वांत ठळक दुवा आपण गमावला असता. त्या पटाच्या आरंभी तिने सासरच्या नव्हे तर माहेरच्या राजांची वंशावळ दिली आहे आणि गोत्रही वडिलांचेच सांगितले आहे. नगरधनच्या अलीकडील उत्खननात तर तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. अवघ्या काही ग्रॅम वजनाच्या त्या लंबगोल तुकड्यावर ब्राह्मी अक्षरांत तिचे नाव आहे आणि सोबत शंख कोरलेला आहे. रामटेकच्या टेकडीवरील केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह ही मंदिरेही त्याच काळातील असून केवल-नरसिंह मंदिरातील शिलालेखात तिचा उल्लेख येतो. गडमंदिराच्या गर्दीत बहुतेक भाविक या दोन लहान, ठेंगण्या, सपाट छपराच्या मंदिरांवरून पुढे निघून जातात. पुढच्या वेळी तिथे पाच मिनिटे थांबावे. आत बसलेला तांबूस दगडाचा नरसिंह हिरण्यकशिपूला फाडणारा नाही; तो एकटाच, हातात चक्र घेऊन, राजासारखा ऐसपैस बसला आहे.

आता छत्तीसगडचा दावा. सरगुजा जिल्ह्यातील रामगढ हाच रामगिरी, असे मत जुने आहे आणि त्यामागेही अभ्यास आहे. मात्र यक्ष मेघाला वाट सांगताना आधी आम्रकूट पर्वत, मग विंध्याच्या पायथ्याशी खडकांत विखुरलेली रेवा, म्हणजे नर्मदा, आणि त्यानंतर दशार्णातील विदिशा असा क्रम देतो. रामटेकहून उत्तरेला निघालेल्या ढगाला हा क्रम सहज जुळतो. सरगुजेहून निघालेल्या ढगाला नर्मदेसाठी बराच वळसा घ्यावा लागतो. म्हणून माझा कौल रामटेकच्या बाजूने आहे, आणि तो मी नागपूरकर असल्यामुळे नाही, हे सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न, म्हणजे कालिदास स्वतः इथे राहिला का. येथे ताम्रपट गप्प आहेत. एकाही वाकाटक लेखात त्याचे नाव नाही. तो दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या दरबारात होता असे मानले, तर सम्राटाच्या मुलीच्या राज्यात तो आला असेल ही कल्पना सुसंगत ठरते. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन हा स्वतः कवी होता, त्याचे सेतुबंध हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आज उपलब्ध आहे आणि त्यात कालिदासाचा हात असल्याची कथा नंतरच्या एका टीकाकाराने नोंदवली आहे. हे सगळे तर्काच्या घरातले आहे. प्रबंधात लिहिताना ‘रामगिरी म्हणजे रामटेक’ हे निष्कर्ष म्हणून लिहावे आणि ‘कालिदास रामटेकला राहिला’ हे अनुमान म्हणून लिहावे.

प्रश्न : शून्याचा शोध आर्यभटाने लावला असे मुलाला शाळेत सांगितले. मोठा भाऊ म्हणतो ब्रह्मगुप्ताने लावला. कोणाचे बरोबर? (एक पालक, मानेवाडा)

उत्तर : दोघांचेही थोडे थोडे. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख समोर ठेवला की हा विषय लवकर उलगडतो. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे: १,७०० गाई, १० हत्ती वगैरे. पण १,७०० लिहायला तिथे १ आणि ७ पुढे दोन शून्ये नाहीत. हजाराचे एक चिन्ह आणि सातशेचे दुसरे चिन्ह अशी जोडी आहे. सुमारे पाच शतकांनंतर दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात राज्यवर्ष १८ लिहिताना अजूनही दहाचे चिन्ह आणि त्यानंतर आठाचे चिन्ह काढले आहे. दहाला स्वतंत्र चिन्ह असले की शून्याची गरजच पडत नाही.

आर्यभटाने ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’ असे लिहून प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट असते हे सूत्र सांगितले. मात्र त्याच्या ग्रंथात संख्या अक्षरांनी मांडलेल्या आहेत आणि शून्याचे चिन्ह नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्य मिळवणे, वजा करणे आणि गुणणे यांचे नियम दिले, म्हणजे शून्याला इतर संख्यांच्या पंक्तीत बसवले. शून्याला शून्याने भागल्यास शून्यच येते, असेही तो म्हणाला. ते आजच्या गणिताला मान्य नाही, पण म्हणून बाकीच्या नियमांचे मोल कमी होत नाही. गोल शून्य दगडावर पाहायचे असेल तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात जावे. ८७६ मधील तिथल्या लेखात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन व रोज ५० माळा दिल्याची नोंद आहे, आणि २७० व ५० यांतील शून्य आपण आज काढतो तसेच, फक्त जरा लहान आहे.

प्रश्न : भारद्वाज ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी विमाने बनवली आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ते मान्य केले, असा मजकूर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वरचेवर येतो. त्याला काय उत्तर द्यावे? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : हा मजकूर ज्या वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथावर आधारलेला असतो, त्याची तपासणी १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी केली. भाषा आणि आराखडे पाहून हा ग्रंथ १९०० ते १९२२ या दरम्यानचा आहे आणि त्यातील एकही यान उडू शकणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेव्हा मान्यता देणारे शास्त्रज्ञ कोण, हे गटातल्या मंडळींनाच विचारावे. गटात त्याऐवजी काही पाठवायचे असेल तर आर्यभटाचे परिघाचे गणित पाठवा. २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ त्याने ६२,८३२ दिला, म्हणजे गुणोत्तर ३.१४१६, आणि त्याला ‘आसन्न’ असे विशेषण जोडले. उत्तर जवळपासचे आहे, तंतोतंत नाही, हे स्वतःच लिहून ठेवणारा गणिती पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होता.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत नातवंडे येत आहेत. अजब बंगल्यात त्यांना नेमके काय दाखवावे? सगळे पाहायला गेले की मुले कंटाळतात. (एक आजी, महाल)

उत्तर : सगळे दाखवूच नका. १८६३ पासून चालत आलेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात एका सकाळी दोनच गोष्टी पाहिल्या तरी पुरे.

पहिली म्हणजे वाकाटकांचे ताम्रपट. अक्षरे वाचता येणार नाहीत, पण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक इवलीशी चौकोनी पेटी आहे, ती मुलांना शोधायला सांगा. त्यामुळे या वळणाला पेटिकाशीर्षक असे नाव पडले. पत्र्याला एक भोकही असते. त्यातून कडी ओवून पत्रे एकत्र बांधत आणि कडीला राजमुद्रा लावत, म्हणजे मधला एखादा पत्रा बदलून कोणी जमीन लाटू नये.

दुसरी म्हणजे गुंगेरियाचा साठा. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून धातूचे टोक वर आलेले दिसले. ते ओढले तर खालून ४२४ तांब्याच्या वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसते तांबेच सुमारे ३७६ किलो भरले. बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर, म्हणून त्यातील काही वस्तू इथे आल्या, तर काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या. हा साठा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील मानतात. चांदीच्या पत्र्यांपैकी काही गोल आहेत आणि काही बैलाच्या मुखवट्यासारखे, शिंगे खाली वळलेली. मुलांना आधी गुराख्यांची गोष्ट सांगा आणि मग त्या बैलांपाशी न्या. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून कोणती दालने खुली आहेत हे विचारून घ्यावे, कारण डागडुजीसाठी एखादे दालन बंद असले की मुलांची निराशा होते.